रिव्हरसाइडची मंडळी : उघड्या दाराची कसोटी

सर्वांना प्रवेश आहे, अशी पाटी दारावर लावण्यास फारसे काही लागत नाही. पाटी, चार खिळे आणि हातोडा एवढ्या साहित्यात ते काम होते. पुढे मग जो मनुष्य येईल असे पाटी लावणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हते, तोच नेमका दारात येऊन उभा राहतो, आणि पाटीची परीक्षा सुरू होते. देवळे, तालमी, ग्रंथालये, सहकारी सोसायट्या, कामगारांच्या युनियना, या साऱ्यांना ही परीक्षा कधी ना कधी द्यावी लागते. एका संस्थेने ती कशी दिली, कुठे ती उतरली आणि कुठे अडखळली, हे येथे सांगण्याचा आमचा विचार आहे. ती संस्था म्हणजे न्यूयॉर्क शहरातील रिव्हरसाइड चर्च या नावाने ओळखली जाणारी ख्रिस्ती मंडळी.

युनियनच्या कार्यकर्त्याला चर्चशी काय कर्तव्य, अशी शंका कोणाच्या मनात आली तर ती रास्तच आहे. आम्ही ख्रिस्ती नाही आणि धर्मशास्त्राचे पंडित तर मुळीच नाही. आमचे वाचन झाले ते पाळी सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, आणि जे हाताला लागले ते. परंतु संस्था कशी उभी राहते, तिच्या घटनेत काय लिहिलेले असते आणि सभेत प्रत्यक्ष काय घडते, वर्गणी कोण देतो आणि शब्द कोणाचा चालतो, हे पाहण्यात आमचे आयुष्य गेले. त्या नजरेने पाहिले तर या मंडळीचा इतिहास धर्माबाहेरच्या माणसालाही पुष्कळ शिकवून जातो.

मंडळी म्हणजे काय

चर्च म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच मनोरा आणि घंटा येतात. मराठी ख्रिस्ती समाजाजवळ मात्र एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे 'मंडळी'. इमारत ते प्रार्थनामंदिर. आणि तेथे जमणारी, वर्गणी देणारी, एकमेकांच्या सुखदुःखांत उभी राहणारी माणसे ती मंडळी. या मंडळ्यांच्या कारभाराच्या निरनिराळ्या रीती आहेत. रोमन कॅथलिक पंथात अधिकार वरून खाली येतो. पोप, बिशप, धर्मगुरू अशी ती उतरंड असते. बॅप्टिस्ट आणि काँग्रिगेशनल पंथांत प्रत्येक मंडळी आपल्यापुरती स्वतंत्र असते. पाळक कोणाला बोलवायचे, पैसा कुठे खर्चायचा, सभासद कोणाला करून घ्यायचे, हे तेथील सभासद आपल्या सभेत ठरवतात.

रिव्हरसाइडची मंडळी अमेरिकन बॅप्टिस्ट आणि युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या दोन्ही संघांशी जोडलेली आहे आणि ती स्वतःला आंतरपंथीय म्हणवते. ही रचना आम्हां युनियनवाल्यांना ओळखीची वाटते. वार्षिक सभा, निवडलेले मंडळ, हिशेबतपासणी, सभेत होणारी गरमागरमी, सारे तेच. या रचनेत एक मोठा गुण आहे. काही अन्याय घडला तर 'वरून हुकूम आला' असे म्हणून हात झटकता येत नाहीत. आणि तिच्यात एक धोकाही आहे. बहुसंख्य सभासदांच्या मनात जो आकस असेल तोच ठराव होऊन बसू शकतो. पुढची हकीकत या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवून वाचावी.

तेलाचा पैसा

या मंडळीचा मूळ पुरुष हॅरी एमर्सन फॉसडिक. १८७८ साली जन्मलेला हा बॅप्टिस्ट उपदेशक न्यूयॉर्कच्या फर्स्ट प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये प्रवचने करीत असे. त्या वेळी अमेरिकेतील प्रॉटेस्टंट समाजात मोठी दुफळी माजली होती. बायबलातील अक्षरन् अक्षर जसेच्या तसे मानावे, उत्क्रांतिवाद वगैरे पाखंड समजावे, असे म्हणणारा एक पक्ष होता. विज्ञानाने सिद्ध केलेले मानूनही ख्रिस्ताला अनुसरता येते असे म्हणणारा दुसरा. २१ मे १९२२ रोजी फॉसडिकने या वादावर एक प्रवचन केले. त्याचा स्वतःचा कल दुसऱ्या पक्षाकडे होता, हे त्याने लपवले नाही. पण त्याची मागणी एवढीच होती की दोन्ही मतांच्या माणसांना मंडळीत जागा असावी, मतभेदापायी कोणी कोणाला हाकलू नये. एवढ्या मागणीवरून वादळ उठले. प्रेस्बिटेरियन पंथाच्या सर्वोच्च सभेपर्यंत प्रकरण गेले, आणि पंथाची मतपत्रिका मान्य करून रीतसर प्रेस्बिटेरियन व्हावे, नाहीतर ही जागा सोडावी, असा पेच त्याच्यापुढे आला. १९२५ साली तो तेथून बाहेर पडला.

त्याला बोलावणे आले ते पार्क ॲव्हेन्यूवरील एका बॅप्टिस्ट मंडळीकडून. या मंडळीतील सर्वांत वजनदार सभासद होते जॉन डी. रॉकफेलर, धाकटे. तेलाच्या व्यापारात साऱ्या जगात गाजलेले ते घराणे. रॉकफेलर हे नाव कामगार चळवळीत वेगळ्याच कारणाने लक्षात राहिले आहे. कोलोरॅडो संस्थानातील कोळशाच्या खाणींची एक कंपनी त्यांच्या ताब्यात होती. तेथे संप झाला, कंपनीच्या घरांतून संपकऱ्यांना बाहेर काढले, आणि ती कुटुंबे लडलो या ठिकाणी तंबू ठोकून राहिली. २० एप्रिल १९१४ रोजी सरकारी शिपाई आणि कंपनीचे पहारेकरी यांनी त्या तंबूंवर गोळीबार केला आणि नंतर तंबूंना आग लागली. एका तंबूखालच्या खड्ड्यात आसऱ्याला बसलेल्या दोन स्त्रिया आणि अकरा मुले धुराने गुदमरून मेली. लोकमत खवळले तेव्हा मालकांची बाजू मांडणारी पत्रके काढण्यासाठी आयव्ही ली नावाचा प्रसिद्धितज्ज्ञ नेमण्यात आला. पुढे रॉकफेलरांनी तेथे कामगार-प्रतिनिधित्वाची एक योजना आणली. मालकाच्या खिशातील युनियन म्हणजे काय असते, हे आमच्या वाचकांपैकी जे कारखान्यात राबले असतील त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

याच आयव्ही लीने १९२२ सालचे फॉसडिकचे ते प्रवचन छापून देशभर वाटले, आणि खर्च रॉकफेलरांनी केला. म्हणजे जो पैसा आणि जी लेखणी संपकऱ्यांविरुद्ध वापरली गेली, तीच धर्मातील उदारमताच्या कामी आली. हा विरोधाभास दृष्टीआड करून रिव्हरसाइडचे गुणगान करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

फॉसडिकला स्वतःलाही ही गोष्ट टोचत होती. त्याने आत्मचरित्रात सांगितले आहे की, तुम्ही फार श्रीमंत आहात, तुमच्या मंडळीचा पाळक म्हणवून घेणे मला अवघड वाटते, असे त्याने रॉकफेलरांना तोंडावर सांगितले. त्यावर रॉकफेलरांनी उलट विचारले, की माझ्या पैशावरून लोक तुम्हांला जेवढी नावे ठेवतील, त्यांपेक्षा तुमच्या मतांवरून मला अधिक ठेवणार नाहीत कशावरून? अखेर फॉसडिकने आपल्या अटी घातल्या. सभासद होण्यासाठी बॅप्टिस्टांच्या रीतीने पाण्यात बुडवून घेतलेल्या बाप्तिस्म्याचा आग्रह धरू नये. श्रीमंत वस्तीतून उठून शहराच्या मिश्र वस्तीजवळ, विद्यापीठाच्या शेजारी, मोठे मंदिर बांधावे. आणि आपला पगार वर्षाला ५,००० डॉलरांहून अधिक असू नये. या अटी मान्य झाल्या.

यातली पहिली अट मराठी वाचकांना अगदीच परकी वाटू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तानुयायी एकत्र यावेत, हीच त्यामागची कल्पना होती. फॉसडिकच्या आधी आठ वर्षे सातारच्या एका मराठी कवीला ती सुचली होती, हे आपण विसरू नये.

१९३० सालची दोन दारे

मॅनहॅटन बेटावर हडसन नदीच्या काठी, कोलंबिया विद्यापीठापासून पायी थोड्याच मिनिटांच्या अंतरावर हे मंदिर उभे राहिले. पहिली उपासना ५ ऑक्टोबर १९३० रोजी झाली. मनोरा ३९२ फूट उंच. त्यात आज ७४ घंटा आहेत. पश्चिमेच्या दारावरील कमानींत दगडी मूर्ती कोरल्या आहेत. त्यांत ख्रिस्ती संतांबरोबर बुद्ध, कन्फ्यूशियस आणि महंमद पैगंबर आहेत. डार्विन आहे, आणि त्या वेळी हयात असलेला आइन्स्टाइनही आहे. ज्या डार्विनचे नाव घेतले म्हणून पाळकांवर खटले भरले जात, त्याला चर्चच्या दारावरच बसवले, यावरून बांधणारांचा हेतू कळून येतो.

कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले. तेव्हा हे मंदिर नव्हते. पण १९३० साल आले, आणि त्याच वर्षी २ मार्चला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. एकीकडे दार उघडावे म्हणून हजारो माणसे उन्हात बसली आहेत, आणि दुसरीकडे, त्यांचा पुढारी जेथे शिकला त्या विद्यापीठाशेजारी, सर्वांना दार उघडे आहे असे सांगणारे मंदिर उभे राहत आहे. ही दोन चित्रे शेजारी ठेवली की आपली मान खाली जाते.

परंतु न्याय करायचा तर दोन्हीकडचा करावा. रिव्हरसाइडचे दार कायद्याने सर्वांना उघडे होते. तरी आत बसणारी माणसे सुरुवातीच्या काळात बहुतेक गोरी आणि खाऊनपिऊन सुखी होती. हार्लेम ही काळ्या लोकांची मोठी वस्ती हाकेच्या अंतरावर होती. मंदीच्या त्या वर्षांत बेकारांना काम शोधून देण्याची खटपट मंडळीने केली, गरिबांसाठी निरनिराळे उपक्रम चालवले. सेवा खरी होती. पण सेवा करणारे आत आणि सेवा घेणारे बाहेर, अशी ती मांडणी होती. हार्लेममधला मनुष्य धर्मादाय घेण्यासाठी येऊ शकतो, आणि सभेत हात वर करून मत देण्यासाठीही येऊ शकतो. या दोन येण्यांत मोठे अंतर आहे. ते तोडायला मंडळीला कित्येक वर्षे लागली.

शांतता म्हणजे काय

'औद्योगिक शांतता' हा शब्दप्रयोग आम्ही गेली तीस वर्षे ऐकतो आहोत. मालकांच्या तोंडी त्याचा अर्थ एवढाच असतो की कामगाराने आवाज करू नये. देशादेशांतील शांततेचेही असेच होते. लढाई थांबावी असे सर्वांनाच वाटते, परंतु लढाईची कारणे काढू लागले की लोक म्हणतात, हे राजकारण झाले, हे देवळात नको.

रिव्हरसाइडच्या मंडळीने हा मुद्दा टप्प्याटप्प्याने शिकून घेतला. पहिल्या महायुद्धात फॉसडिकने युद्धाच्या बाजूने पुस्तक लिहिले होते आणि फ्रान्सच्या आघाडीवर जाऊन शिपायांना धीर दिला होता. तेथे जे पाहिले त्याने तो बदलला. १२ नोव्हेंबर १९३३ रोजी, युद्धविरामाच्या स्मरणार्थ केलेल्या प्रवचनात, त्याने अनाम सैनिकाला उद्देशून आपला पश्चात्ताप सांगितला, आणि यापुढे कोणत्याही युद्धाला आशीर्वाद देणार नाही अशी प्रतिज्ञा केली. दुसऱ्या महायुद्धात ती पाळणे सोपे नव्हते, पण त्याने ती पाळली. त्याच वेळी शेजारच्या विद्यापीठात शिकणाऱ्या नौदलाच्या उमेदवारांना मंदिराचे दार त्याने बंद केले नाही. युद्धाला विरोध असावा, शिपायाचा द्वेष नसावा, ही गोष्ट त्याला पक्की उमजली होती. शिपाई हाही बहुधा गरिबाघरचाच मुलगा असतो.

यापुढचा टप्पा ४ एप्रिल १९६७ चा. त्या दिवशी डॉ. मार्टिन लूथर किंग यांनी याच मंदिरात सुमारे तीन हजार लोकांपुढे व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध भाषण केले. सभा बोलावली होती ती युद्धाची चिंता वाहणाऱ्या धर्मसेवकांच्या आणि गृहस्थांच्या एका संघटनेने. किंगांचा युक्तिवाद कामगाराला ताबडतोब पटावा असा होता. गरिबी हटवण्यासाठी काढलेला पैसा युद्ध गिळून टाकते. आपल्याच देशात ज्यांना एका शाळेत बसू देत नाहीत, त्या काळ्या आणि गोऱ्या गरिबांच्या मुलांना परदेशात मात्र एकत्र मरायला पाठवले जाते. आणि वस्तीतल्या तरुणांना दंगा करू नका असे सांगायचे तर आपल्या सरकारच्या हिंसेविषयी गप्प कसे बसायचे?

या भाषणाची किंमत किंगांना मोजावी लागली. बड्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर अग्रलेखांतून टीका केली. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या सर्वांत जुन्या संघटनेनेही, नागरी हक्क आणि युद्ध या दोन प्रश्नांची सांगड घालणे चूक आहे, असा ठराव केला. आपल्या चळवळीतही असे सल्ले मिळतात. 'पगाराचे बोला, बाकीच्यात पडू नका.'

बरोबर एक वर्षाने, ४ एप्रिल १९६८ रोजी, मेम्फिस शहरात किंगांचा खून झाला. ते तेथे कशासाठी गेले होते, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. ते सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी गेले होते. १ फेब्रुवारीला पावसापासून आडोसा घेण्यासाठी कचऱ्याच्या गाडीत बसलेले दोन कामगार तिच्या यंत्रात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगारांनी काम बंद केले. 'मी माणूस आहे' एवढेच शब्द लिहिलेले फलक घेऊन ते रस्त्यावर उभे राहत. १६ एप्रिलला समझोता झाला, युनियनला मान्यता मिळाली.

किंगांना मेम्फिसला बोलावणारे पाळक होते रेव्हरंड जेम्स लॉसन. त्यांचा आणि महाराष्ट्राचा खरा संबंध आहे. कोरियाच्या युद्धाच्या काळात सैन्यात जाण्यास नकार दिल्याबद्दल त्यांनी तुरुंगवास भोगला, आणि १९५३ ते १९५६ ही तीन वर्षे मेथडिस्ट मिशनरी म्हणून नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात काढली. गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी येथे केला. माँटगमेरीच्या बस-बहिष्काराची बातमी त्यांनी वाचली ती नागपूरच्या वर्तमानपत्रात. परत गेल्यावर नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना अहिंसक प्रतिकाराचे रीतसर शिक्षण त्यांनी दिले. पुढे लॉस एंजलिसमध्ये हॉटेल कामगारांच्या युनियनबरोबर काम केले. २०२४ साली, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी ते वारले. रिव्हरसाइडमधील भाषण आणि मेम्फिसमधील संप ही एकाच साखळीची दोन टोके आहेत, आणि तिची एक कडी नागपुरात घडली आहे.

न बोलावलेला पाहुणा

किंगांना मंडळीने व्यासपीठ दिले, यात धैर्य होते. तरी ते पाहुणे होते आणि सन्मानाने आले होते. खरी कसोटी लागली ती ४ मे १९६९ च्या रविवारी. उपासना चालू असताना जेम्स फोर्मन नावाचे काळ्या चळवळीतील एक कार्यकर्ते सरळ पुढे चालत आले, आणि न बोलावता एक जाहीरनामा वाचू लागले. गुलामगिरीच्या काळापासून काळ्या माणसांच्या श्रमांवर जी संपत्ती उभी राहिली, तीत गोऱ्यांची चर्चे आणि यहुद्यांची प्रार्थनास्थळे यांचाही वाटा आहे. म्हणून त्यांनी ५० कोटी डॉलर भरपाई द्यावी, अशी ती मागणी होती. हे मंदिर कोणाच्या पैशाने उभे राहिले, हे फोर्मनना ठाऊक होतेच.

त्या वेळचे मुख्य पाळक अर्नेस्ट कॅम्बेल उठून बाहेर गेले. त्यांच्यामागोमाग जमलेल्यांपैकी पुष्कळ लोक गेले. येथेच गोष्ट संपली असती तर आम्ही ती सांगितलीच नसती. काही दिवसांनी कॅम्बेलनी मंडळीच्याच नभोवाणी केंद्रावरून भाषण करून सांगितले, की मागणी करण्याची रीत आम्हांला रुचली नाही, पण मागणीच्या मुळाशी न्याय आहे. त्यानंतर भरपाईच्या बाजूने त्यांनी प्रवचनही केले. फोर्मन यांच्या हाती पैसे दिले गेले नाहीत. मंडळीने सामाजिक न्यायासाठी स्वतःचा निधी उभारला. काहींना हे फार वाटले, काहींना फार थोडे.

मागणीपत्र घेऊन साहेबाच्या खोलीत शिरलेल्या माणसाला हा प्रसंग ताबडतोब कळतो. सभ्य रीतीने अर्ज करून वर्षानुवर्षे उत्तर येत नाही, म्हणून मनुष्य आवाज चढवतो. आणि मग सारी चर्चा त्याच्या आवाजावर होते, अर्जावर होत नाही. कॅम्बेल यांचे मोठेपण एवढेच की बाहेर गेल्यावर त्यांनी अर्ज वाचला.

आतल्यांचा हक्क

सर्वांना सामावून घेणे ही गोष्ट बाहेरच्यांना आत घेतल्याने पुरी होत नाही. आत असलेल्यांपैकी काहीजण तोंड मिटून बसलेले असतात. १९७७ साली विल्यम स्लोन कॉफिन हे मुख्य पाळक झाले. नागरी हक्कांच्या चळवळीत त्यांनी अटक पत्करली होती. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधाबद्दल त्यांच्यावर खटला झाला होता. त्यांच्या काळात, १९७८ साली, मंडळीने निःशस्त्रीकरणाचे काम हाती घेतले आणि ते कोरा वाइस यांच्याकडे सोपवले. १२ जून १९८२ रोजी अण्वस्त्रांविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये जो प्रचंड मेळावा झाला, त्यात सुमारे दहा लाख लोक होते असे मानतात. त्यामागच्या अनेक वर्षांच्या तयारीत या मंडळीचा वाटा होता. मध्य अमेरिकेतून जीव घेऊन पळालेल्या निर्वासितांना मंडळीने १९८० नंतरच्या दशकात आसरा दिला.

बाहेर एवढे चालले असताना १९८५ साली आत भांडण पेटले. मंडळीतील एका धर्मसेवकाने प्रवचनात समलिंगी संबंधांविरुद्ध मत मांडले. मंडळीत समलिंगी स्त्रीपुरुष होते, वर्गणी देत होते, भजनगटात गात होते. त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी तेथल्या तेथे निषेध केला. कॉफिननी सहकाऱ्याविरुद्ध कारवाई केली नाही, तर व्यासपीठावरूनच दुसरी बाजू मांडली. मग प्रश्न मंडळीपुढे आला, आणि त्याच वर्षी मंडळीने निवेदन स्वीकारले की समलिंगी व्यक्तींना या मंडळीच्या जीवनात आणि सेवेत पूर्ण स्थान आहे. कितीतरी देशांच्या कायद्यांनी ही गोष्ट मान्य करण्यापूर्वीची ही हकीकत आहे. आमच्या मते येथे ठरावाइतकीच रीतही महत्त्वाची आहे. ज्यांच्याविषयी ठराव व्हायचा, ती माणसे सभेत हजर होती, त्यांना मत होते, आणि विरुद्ध मताच्या माणसाचे तोंड कोणी बांधले नाही.

तुलनेसाठी आमच्याच घरचे उदाहरण घ्यावे. कारखान्यात कायम कामगारांची युनियन असते आणि त्याच यंत्रावर कंत्राटी कामगार निम्म्या पगारात राबत असतो. कित्येक युनियनांच्या घटनेत त्याला सभासद होण्यास कसलीही मनाई नाही. पण पावतीपुस्तक त्याच्यापर्यंत जात नाही, सभेची वेळ त्याच्या पाळीला जुळत नाही, आणि करारात त्याचे कलम शेवटी राहून जाते. दार उघडे असूनही मनुष्य बाहेर राहतो तो असा.

डाग

या मंडळीला डाग नाहीत असे कोणी समजू नये. काळ्या वंशाचे पहिले मुख्य पाळक जेम्स फोर्ब्ज १९८९ साली आले. म्हणजे हार्लेमच्या शेजारी राहून या गोष्टीला जवळजवळ साठ वर्षे लागली. पहिली स्त्री मुख्य पाळक २०१४ साली झाली. २००९ साली नव्या पाळकांच्या वेतनभत्त्यांवरून काही सभासद न्यायालयात गेले, आणि त्या पाळकांनी थोड्याच महिन्यांत पद सोडले. ज्या मंडळीच्या पहिल्या पाळकाने पगारावर आपणहून मर्यादा घालून घेतली, तिच्यात हा वाद व्हावा, यात संस्थांच्या म्हातारपणाची खूण आहे. २०२२ साली एड्रिएन थॉर्न या काळ्या वंशाच्या स्त्रीला मंडळीने मुख्य पाळक म्हणून बोलावले.

दुसरीकडे, जून १९९० मध्ये, सत्तावीस वर्षांच्या तुरुंगवासातून सुटून काहीच महिने झालेले नेल्सन मंडेला न्यूयॉर्कला आले तेव्हा त्यांच्या स्वागताची सर्वधर्मीय प्रार्थना याच मंदिरात झाली. १९९९ च्या सुमारास मंडळीतील काही सभासदांनी एक साधे काम सुरू केले. आश्रय मागण्यासाठी अमेरिकेत आलेल्या आणि कागदपत्रांअभावी कोठडीत पडलेल्या परदेशी माणसांना आठवड्याच्या आठवड्याला जाऊन भेटायचे. जाळीपलीकडच्या माणसाशी बोलायचे, त्याची चौकशी करायची, परत यायचे. या कामाला मनोरा लागत नाही, घंटा लागत नाहीत.

तीन प्रश्न

आता या सगळ्यातून आपण काय घ्यावे? आम्हांला तीन प्रश्न सुचतात. कोणत्याही संस्थेने आपल्याला सेवाभावी, सर्वांची आणि शांततावादी म्हणवून घेतले, तर तिला ते विचारावेत.

पहिला प्रश्न सेवेचा. ज्यांची सेवा चालली आहे त्यांच्यापैकी किती जण संस्थेच्या सभेत मत देतात? एकही देत नसेल, तर ते काम चांगले असेल, पण दार उघडे झालेले नाही. हार्लेमच्या शेजारी ही गोष्ट घडायला दोन पिढ्या लागल्या.

दुसरा प्रश्न पैशाचा. संस्थेचा पैसा कोठून आला हे ती उघड सांगते काय, आणि ज्यांच्या घामातून तो आला त्यांनी हिशेब मागितला तर ऐकून घेते काय? पैसा स्वच्छ असलेली संस्था शोधायला गेलो तर बहुधा रिकाम्या हाताने परत येऊ. लडलोच्या खाणीतला पैसा रिव्हरसाइडच्या दगडांत आहे. तो काढून टाकता येत नाही. त्याचे उत्तरदायित्व मात्र पत्करता येते.

तिसरा प्रश्न शांततेचा. शांततेसाठी संस्थेने काय गमावले? १९२५ साली फॉसडिकने जागा गमावली, १९६७ साली किंगांनी मित्र गमावले. ज्या संस्थेने शांततेचे ठराव केले आणि ज्यांचा एकही वर्गणीदार त्यामुळे कधी नाराज झाला नाही, तिचे ठराव पुन्हा एकदा वाचून पाहावेत. त्यांत बहुधा कोणाचेही नाव घेतलेले नसते.

हे प्रश्न चर्चला लागू आहेत तसेच आपल्या देवस्थानांना, गणेशोत्सव मंडळांना, पतपेढ्यांना आणि आमच्या युनियनांनाही लागू आहेत. ज्या संस्थेची वर्गणी आपण भरतो, तिच्या येत्या वार्षिक सभेत हे प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्यापैकी प्रत्येकाला आहे. सभेची नोटीस आली की ती घडी करून बाजूला ठेवू नये. विषयपत्रिकेच्या शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय' असे एक कलम असते. ते याच कामासाठी आहे.